पाव्याची खरी जोड

मी एक जुना जोडिया पावा आहे, असं माझ्या काचेवरची चिठ्ठी सांगते. मित्रांनो, चिठ्ठीवर लगेच विश्वास ठेवू नका. ती कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, लिहिताना त्याचं अर्धं लक्ष चहाकडे होतं का, हे कळल्याशिवाय मी तर काहीच खरं मानत नाही. माझा स्वभावच तसा आहे.

जोडिया पावा म्हणजे दोन बासऱ्या. दोन्ही एकाच तोंडात धरायच्या आणि एकाच वेळी वाजवायच्या. त्यातली एक मादी आणि एक नर. मादीवर बोटं नाचतात, सगळी गाणी तीच म्हणते. नराने फक्त एक स्वर धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. मी नर आहे. जन्मभर एकच स्वर बोलायचा असल्यामुळे माणसं न्याहाळायला मला भरपूर सवड मिळाली, आणि जितकी न्याहाळली तितका माझा संशय वाढत गेला.

माझा जन्म सिंधमधल्या एका खेड्यात झाला. मिस्री नावाच्या सुताराने शिसवाच्या एकाच ओंडक्यातून आम्हा दोघांना कोरून काढलं. मिस्री फार कमी बोलायचा. त्याने माझ्या अंगावर ओळीने भोकं पाडली आणि मग त्यातली बहुतेक मधमाशीच्या मेणाने बुजवून टाकली. बुजवायचीच होती तर पाडली कशाला, असं मला वाटलं. तिथेच शंकेची पहिली पाल चुकचुकली. पुढे कळलं, की उघड्या भोकावर मेण किंचित सरकवून नराचा स्वर मादीच्या स्वराला जुळवतात. मादीला कोणी हात लावत नाही. दर वेळी सरकायचं ते नरानेच, असा आमच्या लोकांचा रिवाज आहे. तो ठरवताना एखाद्या नराला विचारलं असेल असं मला वाटत नाही.

त्या काळी कच्छच्या रणात तारेचं कुंपण नव्हतं. बन्नीच्या गवताळ मुलखातला एक म्हशीवाला उंटावर तूप लादून सिंधमध्ये विकायला आला होता. परत जाताना त्याने आम्हाला आपल्या मुलासाठी, खमीसोसाठी, उचललं. रण ओलांडून आम्ही त्याच्या वस्तीवर आलो. तिथल्या गोल मातीच्या घराला भुंगा म्हणतात. 'याला भुंग्यात ठेवा,' असं कोणीतरी म्हटलं आणि माझा जीवच गेला. लाकूड पोखरणारा भुंगा तुम्हालाही माहीत असेलच. घर म्हणजे घरच आहे याची खात्री पटायला मला पुरता एक उन्हाळा लागला.

पावा वाजवणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला थांबता येत नाही. नाकाने वारा आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालातला वारा बाहेर सोडायचा. हे शिकायला खमीसो गवताची पोकळ काडी ताकाच्या वाडग्यात बुडवून फुंकत बसे. बुडबुडे थांबता कामा नयेत. ताक त्याच्या आईच्या ओढणीवर उडे, आई ओरडे, तो हसे आणि बुडबुडे थांबत. असं करत दीड वर्षाने तो शिकला. मग मात्र सकाळी तो वस्तीच्या टोकाला उभा राहून आम्हाला ओठांशी धरायचा, आणि रात्रभर चरायला गेलेल्या त्याच्या म्हशी दुसऱ्यांच्या कळपांतून बाहेर पडून नेमक्या त्याच्याकडे यायच्या. लग्नांना तर त्याच्याशिवाय चालतच नसे. लोक म्हणायचे, 'मादी काय गोड बोलते!' नराचं नाव कोणी काढत नसे. मला वाईट वाटायचं, ते मी लपवणार नाही.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगतो, तिची मला लाज वाटते. इतकी वर्षं बरोबर राहून मी मादीला कधी नीट पाहिलंच नाही. आमची तोंडं शेजारी, पण अंगं एकमेकांपासून फाकलेली, आणि नजर माझी सदा लोकांवर. तिचा फक्त आवाज मी ओळखत होतो.

खमीसोची बायको रहीमा तापाने गेली. वर्षभर आम्ही खुंटीवरच्या पिशवीत पडून होतो. ती पिशवी रहीमाने शिवली होती, बारीक आरशांची. मग शेजारच्या वस्तीवरून सोनबाई आली. बिजवराशी लग्न करून आलेली, वयाने लहान, नजरेला नजर देणारी. वस्तीवरच्या बायका तिला नावाने हाक मारत नसत. पाण्यावर, चुलीपाशी, तोंडावर आणि पाठीमागे, त्या तिला 'दुसरी' म्हणत. 'दुसरी आली का?' 'दुसरीने दूध तापवलं का?' मी त्या बायकांच्या बाजूचा होतो. आल्या आल्या तिने रहीमाची पिशवी उतरवली आणि आम्हाला नव्या पिशवीत घातलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनाशी म्हटलं. नव्या पिशवीला आतून अस्तर जुन्या पिशवीचंच होतं, हे मला जाणवलं होतं. पण तेव्हा मला वाटलं, हिने कापड वाचवलं.

म्हशी पिळून पिळून खमीसोच्या नखांना भेगा पडल्या होत्या, त्याला मेण नीट लावता येईना. ते काम सोनबाईने घेतलं. मेणाची गोळी तळहातावर ऊब देऊन मऊ करायची, अंगठ्याच्या टोकाने माझ्या भोकावर बसवायची. तिचा कान फार तिखट होता. चुलीपाशी भाकरी थापताना ती पाठमोरी म्हणायची, 'नर चढलाय, उतरवा त्याला.' आणि खमीसो निमूटपणे मला तिच्याकडे द्यायचा. ही बाई मला माझ्या जागेवर राहू देणार नाही, असं मला वाटे. चाळीसेक उन्हाळे तिच्या अंगठ्याखाली गेले, पण मी तिला आपली मानली नाही.

खमीसो म्हातारा झाला, त्याचा वारा संपला आणि एका हिवाळ्यात तो गेला. घरात वाजवणारं कोणी उरलं नाही. चाळीस दिवस झाले आणि सोनबाई आम्हाला घेऊन बसने जिल्ह्याच्या गावी निघाली. संग्रहालयातल्या मोठ्या टेबलावर तिने पिशवी ठेवली, वहीत अंगठा उठवला आणि मागे न बघता बाहेर गेली. मी म्हटलं, पाहा, टाकलं ओझं. हिला पहिलीच्या वेळची एकही वस्तू घरात नको होती. आमच्या घरच्या दाराच्या चौकटीला आधीच्या पावसाळ्यात वाळवी लागली होती आणि ती खुंटीपर्यंत चढत होती, हे मला माहीत होतं. पण त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

संग्रहालयात आमच्यासारखे पाच पावे होते. काचेचं कपाट, मऊ गादी, महिन्यातून एकदा झटकणं. येणारी माणसं आमच्यापुढे क्षणभर थांबायची आणि म्हणायची, 'बासरी आहे.' आणि पुढे जायची.

मग एका जानेवारीच्या सकाळी जमीन हलली. भिंत आली, कपाट आलं, आम्ही दहाच्या दहा जण मातीत गेलो. ढिगारा उपसायला बाहेरगावची कॉलेजातली पोरंपोरी आली होती. चांगली होती बिचारी, तोंडाला रुमाल बांधून दिवसभर राबायची. त्यांनी आम्हाला ब्रशने साफ केलं. साफ करता करता माझ्या भोकांतलं मेणही माती समजून टोकदार काडीने खरवडून काढलं. एक मुलगी अभिमानाने म्हणाली, 'बघा, सगळी भोकं मोकळी केली.' मित्रांनो, तिने माझा स्वर खरवडून टोपलीत टाकला होता, आणि तिला ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

दहांपैकी तीन बासऱ्या फुटल्या होत्या. उरलेल्या सात टेबलावर मांडल्या होत्या. कृपाबेन तेव्हा संग्रहालयात नव्याच लागल्या होत्या. जुन्या चिठ्ठ्या ढिगाऱ्यात गेलेल्या. त्यांनी लांबी मोजली, जवळच्या लांबीच्या दोन दोन एकत्र ठेवल्या, एक नर सुटा उरला, मग पांढरा दोरा बांधला आणि नंबर लिहिला. माझ्या शेजारी एक मादी आली.

ही माझीच होती का?

मित्रांनो, पुढची चौदा वर्षं मी या एका प्रश्नात काढली. तिच्या अंगाला वेगळ्याच तेलाचा वास होता. तिचा रंग माझ्यापेक्षा गडद होता. ऊन लागलं की माझं लाकूड हळूच वाजे, तिचं वाजत नसे. ती काहीच बोलत नसे, म्हणजे नक्की काहीतरी लपवत असणार, असा मी हिशेब केला. मी स्वतःही चौदा वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. आम्हाला कोणी फुंकलंच नव्हतं ना. पण ते मला सुचलं नाही. संशय असा असतो, त्याला दुसऱ्याचं गप्प राहणं दिसतं, स्वतःचं दिसत नाही. दोरा सैल झाला तेव्हा मी तिच्यापासून जमेल तितका दूर सरकून पडलो.

मग दिल्लीला मोठं प्रदर्शन ठरलं आणि बडोद्याहून जुन्या वाद्यांचे जाणकार वैष्णवसाहेब आले. इतकी वर्षं ते पत्रं धाडून उंटावरून शेळ्या हाकत होते, आता भिंग घेऊन स्वतः आले. त्यांनी मला पाहिलं, तिला पाहिलं, परत मला पाहिलं आणि मान हलवली. माझं लाकूड शिसव, तिचं दुसरंच काहीतरी. कोरण्याचा हातही वेगळा. ही जोड खरी नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. नर सिंधी कारागिरीचा दुर्मीळ नमुना म्हणून दिल्लीला एकटा जाईल, पुढे तिथेच राहील. मादी तळघरात, सुट्या तुकड्यांच्या पेटीत.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चौदा वर्षं मी काय म्हणत होतो? शेवटी एक शहाणा माणूस भेटला. ती शेजारी तशीच पडून होती. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

पण कृपाबेन नियमाला पक्क्या. ज्यांनी पावा दिला त्या घरातलं माणूस हयात असेल तर त्याला विचारल्याशिवाय जोड मोडायची नाही, असं त्या म्हणाल्या. निरोप गेला. आठ दिवसांनी सोनबाई आली. पाठीत वाकलेली, केस पांढरे, नजर मात्र तीच. तिला खुर्ची दिली, चहा दिला. चहा बशीत ओतून तिने सावकाश संपवला. माझ्यावरून तिने नुसती नजर फिरवली. मीही तिला ओळख दिली नाही.

वैष्णवसाहेब म्हणाले, "मावशी, नीट बघून सांगा. ही जोड खरी आहे का?"

आता इथे एक गंमत आहे, ती समजून घ्या. साहेबांच्या बोलण्यात जोड म्हणजे एका ओंडक्यातून निघालेले दोन तुकडे. बन्नीत जोड म्हणजे जुळलेले दोन स्वर. शब्द एकच, पण त्या टेबलाच्या दोन बाजूंना त्याचे दोन अर्थ बसले होते.

सोनबाईने मादीला उचललं. तिचा अंगठा मादीच्या अंगावरून फिरत तिसऱ्या भोकापाशी थांबला. जरा खाली गेला, परत वर आला, पुन्हा तिथेच थांबला. काहीतरी शोधत होता आणि ते सापडत नव्हतं. मी सगळं पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"बघून कशी कळायची जोड, साहेब?" ती म्हणाली. "बघायचं काम लग्नाच्या पाहुण्यांचं. घरात नांदणाऱ्याला ती ऐकून कळते."

तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत मेणाची गोळी होती. पाव्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, असं ती कृपाबेनना म्हणाली, जणू आजाऱ्याला भेटायला केळी आणली होती. वैष्णवसाहेब उठून उभेच राहिले. हातमोजे न घालता वस्तूला हात लावला तेवढं पुष्कळ झालं, ओठ लावायची अजिबात परवानगी नाही, असं ते म्हणाले.

"ओठ लावायचे नाहीत, तर ही लाकडं ठेवलीत कशाला?" सोनबाई म्हणाली. "द्या इकडे, चुलीत घालते. तेवढीच एक वेळची भाकरी होईल."

कृपाबेननी खाली मान घालून हसू लपवलं आणि दाराला आतून कडी लावली.

आमच्याकडे बायका पावा वाजवत नाहीत. सोनबाईनेही आयुष्यात कधी वाजवला नव्हता. तिने आम्हा दोघांना ओठांत धरलं आणि फुंकर घातली. केवढा भयंकर आवाज आला! मी एकीकडे, ती दुसरीकडे, मध्ये नुसती थरथर, दोन शेजारणी कुंपणावरून भांडतात तशी. वैष्णवसाहेबांनी कृपाबेनकडे असं पाहिलं, की बघा, मी सांगितलं नव्हतं? सोनबाईने तिकडे लक्षच दिलं नाही. मेण तळहातावर मऊ केलं. माझं एकेक भोक बुजवलं. शेवटच्या भोकावर अर्धवट मेण लावलं आणि फुंकलं. थरथर कमी झाली. अंगठ्याने किंचित पुढे सरकवलं. आणखी कमी. दम लागला म्हणून ती जरा थांबली, छातीवर हात ठेवून बसली. मग मेण केसभर मागे घेतलं आणि पुन्हा फुंकलं.

मित्रांनो, थरथर थांबली. दोन म्हशी एकाच पाणवठ्यावर शेजारी शेजारी तोंड लावतात आणि पाणी हलत नाही, तसं झालं. कितीतरी वर्षांनी मी बोललो आणि माझ्या स्वरावर पाय ठेवून ती उभी राहिली. तिचा आवाज माझ्या जुन्या मादीपेक्षा थोडा जाड होता. मी ते लगेच ओळखलं. ही ती नव्हती. माझा संशय पहिल्यापासून खरा होता, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. मला एवढंच वाटलं, की या म्हातारीचा श्वास संपू नये.

तो संपलाच. सोनबाईने आम्हाला टेबलावर ठेवलं. "जोड आहे," ती म्हणाली. "लिहा."

"पण लाकूड वेगळं आहे, मावशी."

"नवराबायकोचा रंग एक असतो का, साहेब? चाळीस वर्षं या नराला मेण लावलंय मी. तुम्ही किती वर्षं लावलंत?"

 साहेबांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. अखेर त्यांनी कागदावर लिहिलं, की घरच्यांच्या साक्षीनुसार जोड मूळची आहे, दोन्ही एकत्र ठेवावीत. दिल्लीला दुसरं काहीतरी पाठवायचं ठरलं. तो कागद कपाटात ठेवायला कृपाबेन त्यांच्याबरोबर आतल्या खोलीत गेल्या. आमचा दोरा बांधायचं काम सोनबाईने मागून घेतलं होतं. गाठ मारताना ती माझ्यावर वाकली आणि अगदी हळू बोलली.

"ही ती नाही रे. त्यांच्या विडीचा डाग होता तिच्यावर, तिसऱ्या भोकापाशी. ती त्या मातीतच गेली असणार. पण मी नाही म्हटलं असतं, तर हिला तळघरात टाकलं असतं आणि तू तिकडे एकटा वाळला असतास. मीसुद्धा पहिली नव्हते. तू मला किती छळलंस, मला काय कळत नव्हतं? दर सकाळी मुद्दाम चढून बसायचास. आता हिला तरी छळू नकोस. हिचाही कोणीतरी गेलाच आहे ना त्या मातीत."

तिने गाठ घट्ट केली, उरलेलं मेण ओढणीच्या टोकाला बांधलं आणि साडेचारची बस चुकेल म्हणून लगबगीने निघाली. पुन्हा ती आली नाही. कृपाबेनना पुढल्या वर्षी तिच्या वस्तीवरून कळलं, की ती पावसाळ्याआधी गेली.

हिचाही कोणीतरी गेला आहे. मित्रांनो, चौदा वर्षांत हे मला एकदाही सुचलं नाही. माझी मादी कुठे गेली, हा एकच प्रश्न मी विचारत राहिलो. शेजारी पडलेली ही कोणाची वाट पाहत असेल, तिचा नर कोणत्या ढिगाऱ्यात राहिला असेल, रात्रंदिवस पाठ फिरवून पडलेल्या माझ्यासारख्या खडूसाजवळ तिने दिवस कसे काढले असतील, यातलं काही मी मनात आणलं नाही. आणि सोनबाईला तर मी तिच्या जिवंतपणी एकदाही आपली म्हटलं नाही. आता म्हणतो, पण ऐकायला ती कुठे आहे?

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. जुनी वस्तू हातात आली तर ती खरी की खोटी हे तपासायच्या आधी ती कोणाबरोबर राहत आली, ते विचारा. तिच्यावरचं मेण माती समजून खरवडू नका. आणि तुमच्या घरात मागाहून कोणी राहायला आलं, तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा, नंबराने नको.

आणखी एक. आम्ही दोघं अजून त्याच काचेमागे, त्याच दोऱ्यात आहोत. चिठ्ठीवर 'मूळ जोड' असं लिहिलेलं आहे. वैष्णवसाहेब दरवर्षी एक चक्कर मारतात, भिंग घेऊन. मी आजवर कोणावरच विश्वास ठेवला नाही, पण ही गोष्ट तुम्हाला सांगून बसलो आहे. ती त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. नाहीतर ते तिला माझ्याजवळून घेऊन जातील.